बाईंच्या पाच करवतींची सोय

त्या दिवशी अनुस्वारकाका बँकेत निघाले ते आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला. पेन्शन घेणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा हे करावंच लागतं. माणूस समोर उभा असतो, श्वास घेत असतो, खोकतसुद्धा असतो; पण तो हयात असल्याचं कागदावर आल्याशिवाय बँकेची खात्री पटत नाही. काकांना यात काही वावगं वाटत नसे. चौतीस वर्षं सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासल्यामुळे जे कागदावर नाही ते नाहीच, असं त्यांचंही ठाम मत झालं होतं.

आभाळ भरून आलं होतं. काकांनी घाईघाईत दाराजवळच्या छत्र्यांच्या डब्यातून काळी छत्री उचलली, काखेत मारली आणि निघाले.

बँकेच्या दारात रखवालदाराने अडवलं. "काका, काखेत काय आहे?"

"छत्री," काका त्याच्याकडे न बघता म्हणाले.

"छत्रीची मूठ अशी असते होय?"

काकांनी मान वळवून पाहिलं. मूठ लाकडी होती, रुंद होती आणि चार बोटं आत जातील एवढं तिला भोक होतं. काकांनी ती ओढली. काळ्या कापडातून हातभर लांब, लखलखीत, दातेरी करवत बाहेर आली.

आत रांगेत पंधरा-वीस पेन्शनर होते. कुणाचे गुडघे गेलेले, कुणाची कंबर धरलेली. पण काकांच्या हातातली करवत दिसताच ते ज्या चपळाईने टेबलांमागे गेले, ती पाहता हयातीचा इतका सज्जड पुरावा त्या बँकेला एका मिनिटात आजवर मिळाला नसेल. काकांना मात्र मॅनेजरच्या खोलीत बसवून ठेवलं, पाण्याचा ग्लास चार हात लांब ठेवला आणि घरी फोन केला.

बाई आल्या. बाई म्हणजे काकांची बायको. तीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यामुळे सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, आणि सगळं गाव म्हणतं म्हणून काकाही मनातल्या मनात बाईच म्हणायचे. बाई मॅनेजरच्या खोलीत शिरल्या आणि काळजीने म्हणाल्या, "दातांना काही लागलं नाही ना?"

काकांना एकदम भरून आलं. "नाही गं, मी अगदी ठीक..."

"तुमच्या नाही हो. हिच्या." आणि बाईंनी करवत हातात घेऊन तिच्या दातांवरून अलगद अंगठा फिरवला.

आता हे करवत प्रकरण थोडं सांगायला हवं. निवृत्त झाल्यावर बाकीच्या शिक्षिका फिरायला जाऊ लागल्या. बाईंनी सुतारकाम धरलं. काका-बाईंचं घर तळमजल्यावर. घरामागे गॅरेज होतं आणि गाडी नव्हती. बाईंनी तिथे एक भक्कम बाक टाकलं, लाकूड आवळून धरायचा शिकंजा बसवला, रंधे आणले, पटाश्या आणल्या, आणि बघता बघता करवती पाच झाल्या. एक लाकूड आडवं कापायची. एक उभं चिरायची. एक पितळी पाठीची, नाजूक कामाची, बाईंची सर्वांत लाडकी. एक गोलाई कापायची, सुरीसारखी निमुळती. आणि एक अशी की जी ढकलताना नाही, ओढताना कापते. या पाचजणींना ठरलेली जागा अशी नव्हती. गॅरेजमधलं बाक लाकडांनी भरलेलं, म्हणून बाई त्यांना रोज घरात आणायच्या. एक फ्रिजच्या मागे असायची, एक पुस्तकांच्या कपाटावर, एक पलंगाखाली, एक टॉवेलच्या खुंटीला. पितळी पाठीचीला बाईंनी मोडक्या छत्रीच्या कापडाची पिशवी शिवली होती, आणि छत्रीचं कापड म्हणून ती छत्र्यांच्या डब्यात.

बँकेतून परत येताना काका म्हणाले, "या करवतींची एकदा काहीतरी कायमची सोय केली पाहिजे."

"करीन वेळ झाला की."

"मी करू?"

बाई भर रस्त्यात थांबल्या. गृहपाठ केलाय पण वही घरी राहिली असं सांगणाऱ्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी काकांकडे बघितलं. "तुम्ही?" एवढंच म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

काकांनी उभ्या आयुष्यात लाखो प्रश्नचिन्हं तपासली होती. पण इतकं मोठं प्रश्नचिन्ह त्यांनी कुठल्याच छापखान्यात पाहिलं नव्हतं.

चारच दिवसांनी बाईंच्या थोरल्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि बाई पाच दिवसांसाठी तिकडे निघाल्या. टॅक्सीत बसता बसता सूचना झाल्या: "झाडांना पाणी घाला. गॅस बंद केल्याची खात्री करा. आणि माझ्या करवतींना हात लावायचा नाही."

टॅक्सी कोपऱ्यावर वळली. काका आत आले, सकाळची ताटं विसळली आणि एकेक करून ओट्यावरच्या मांडणीत उभी करायला लागले. तिसरं ताट खाचेत बसलं, आणि काकांचा हात हवेतच राहिला.

ताटं उभी होती. एकमेकांना न लागता, न पडता, शहाण्यासारखी ओळीत उभी होती. ताट म्हणजे काय, तर पातळ, चपटी वस्तू. करवत म्हणजे काय? पातळ, चपटी वस्तू!

काकांच्या अंगावर काटा आला. छापखान्यात त्यांनी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या होत्या; स्वतः होऊन काही सुचण्याची वेळ नोकरीत कधी आली नव्हती. सुचलं की कसं वाटतं हे त्यांना बासष्टाव्या वर्षी कळत होतं, आणि ते इतकं छान वाटत होतं की उरलेली ताटं तशीच टाकून ते कागद शोधायला धावले. वर्तमानपत्राच्या समासात आकृती काढली: मागे एक फळी, दोन बाजूंना दोन फळ्या, खाली एक गोल दांडी, तिच्यावर करवतींच्या मुठी टेकतील; वर एक आडवी पट्टी, तिला खाचा, खाचांत पाती. बस्स! न खिळा ठोकायचा, न भिंत फोडायची. पाच दिवसांत सहज होईल. बाई परत येतील, गॅरेजचं दार उघडतील, आणि मग काय होईल या कल्पनेनेच काका स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारून आले.

अडचण एकच. मापं घ्यायची तर करवती हातात घ्यायला हव्यात, आणि हात लावायचा नाही असा स्पष्ट हुकूम. काकांनी हुकमाच्या शब्दरचनेचा बारकाईने विचार केला. हात लावायचा नाही, असं म्हटलं होतं. मग त्यांनी भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे चढवले, पाचही करवती गोळा करून गॅरेजमध्ये बाकावर ओळीने झोपवल्या आणि वाकून एकेकीची लांबी-रुंदी घ्यायला सुरुवात केली.

"ऑपरेशन बाईंच्या बहिणीचं आहे ना?" दारातून आवाज आला.

वरच्या मजल्यावरचे पूलवाले होते. आयुष्यभर त्यांनी नद्यांवर पूल बांधले होते आणि निवृत्तीनंतर कुठेच नदी न उरल्यामुळे ते दिवसभर जिन्यात उभे असत. काकांनी त्यांना आकृती दाखवली. ही काकांची पहिली चूक.

पूलवाल्यांनी आकृती उलटी धरली, सुलटी धरली. "भार किती?"

"पाच करवतींचा."

"तो आजचा. उद्याचा? नव्या पुलावर पहिल्या दिवशी बैलगाडी जाते, पण पूल आपण ट्रकचा हिशेब करून बांधतो. पाच खाचा कसल्या करता? नऊ करा. फळी दोन इंच जाडीची घ्या. आणि वारा?"

"गॅरेजात वारा कुठला?"

"दार उघडल्यावर येतो तो," पूलवाले गंभीरपणे म्हणाले. मग गच्चीवरच्या मोडक्या दाराची फळी आपल्याकडे जपून ठेवलेली आहे, ती अशा राष्ट्रीय महत्त्वाच्या कामासाठीच होती असं समजा, असं म्हणून ते फळी आणायला गेलेसुद्धा.

ती फळी दोघांनी मिळून जिन्यावरून उतरवत असतानाच सेक्रेटरी भेटले.

सोसायटीचे सेक्रेटरी आणि काका यांच्यात गेली सहा वर्षं शीतयुद्ध होतं. सेक्रेटरी स्वतःच्या हाताने सूचना लिहून फलकावर लावायचे आणि काका येता-जाता लाल पेनाने त्या शुद्ध करायचे. 'पाणि येणार नाही' यातला 'णि' दीर्घ करायचे, राहिलेले अनुस्वार द्यायचे. अनुस्वारकाका हे नाव त्यातूनच पडलं होतं आणि काकांना त्याचा छुपा अभिमान होता.

"हे काय चाललंय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"काही नाही हो. करवती ठेवायला जरा घर."

"घर? म्हणजे बांधकाम. गॅरेजात म्हणजे वापरातला बदल. करवती म्हणजे धारदार वस्तूंची साठवण." सेक्रेटरींनी तीन बोटं मोजली, आणि प्रत्येक बोटागणिक त्यांचा चेहरा उजळत गेला. "अर्ज करा. तीन प्रतींत."

एरवी काकांनी वाद घातला असता. पण डोक्यात दांडी, खाचा आणि पाती नाचत होती. त्यांनी तिथेच जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून झपाझप अर्ज लिहिला, आणखी दोन प्रती केल्या आणि तिन्ही सेक्रेटरींच्या हातात दिल्या.

दुपारी दूध आणायला निघाले तर फलकापाशी गर्दी. काका मागून टाचा उंचावून बघतात तर फलकावर त्यांचाच अर्ज. 'विषय: पाच करवंतींच्या साठवणुकीबाबत.' आणि 'करवंती'तल्या 'व'वरच्या टिंबाभोवती लाल पेनाने मोठं, गरगरीत वर्तुळ. खाली शेरा: 'अशुद्ध. पून्हा लिहून आणावे.'

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. चौतीस वर्षं! चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एक टिंब इकडचं तिकडे झालं नव्हतं. कुणीतरी खाकरलं. कुणीतरी म्हणालं, "अनुस्वार जरा जास्तच झाला." काकांना मात्र शेऱ्यातला 'पून्हा' लख्ख दिसत होता. त्यातला 'पु' दीर्घ होता. हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे गेला. पण परवानगी हवी होती. काकांनी हात खिशातच ठेवला, घरी आले आणि आयुष्यात पहिल्यांदा एका अशुद्ध शब्दाकडे पाठ फिरवून त्यांनी अर्ज पुन्हा लिहिला. बाईंच्या करवतींसाठी माणूस काय काय करतो!

परवानगी येईपर्यंत थांबायचं असं त्यांनी ठरवलं होतं. प्रामाणिकपणे ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये गेले तर फळी शिकंज्याशेजारी आडवी, उन्हात तिच्या रेषा उमटलेल्या, आणि बाकावर ती पितळी पाठीची. एकच काप घेऊन बघू, असं काकांनी स्वतःला सांगितलं. हातमोजे होतेच.

पहिल्या ओढीला करवत घसरली. दुसऱ्या ओढीला फळी हलली. तिसऱ्या ओढीला करवतीने लाकूड धरलं, आणि खर्र असा आवाज होऊन पिवळाधमक भुसा काकांच्या चपलेवर पडला. त्याचा वास आला. काका थांबले, इकडेतिकडे बघितलं, आणि कुणी नाही असं पाहून मोठ्याने हसले. मग पुन्हा खर्र. पुन्हा खर्र. रेषा थोडी उजवीकडे गेली, जाऊ दे. घाम फुटला, फुटू दे. आता काका कुणाला ऐकणार नव्हते. "नाजूक कामाची आहे हं ती," असं बाईंचं वाक्य कुठेतरी कानामागे ऐकू आलं, तेही त्यांनी ऐकलं नाही. फळीच्या मध्यावर आले, जोर लावला, आणि...

कर्रर्र-टक्!

गच्चीवरच्या दाराच्या फळीत, लाकडाच्या पोटात, एक खिळा होता. तो तिथे किती वर्षं वाट बघत बसला होता कोण जाणे. काकांनी करवत बाहेर काढली. तीन दात वाकडे झाले होते. चौथा जागेवर नव्हता. तो चपलेवरच्या भुशात चमकत होता.

काका बाकावर बसले. मग उठले. मग पुन्हा बसले. तुटलेला दात त्यांनी चिमटीत धरून पाहिला, तोंडात कवळी बसवतात तसा जागेवर ठेवून पाहिला. जिन्यातले पूलवाले आवाज ऐकून आले आणि म्हणाले, "खिळा माझ्या हिशेबात नव्हता." एवढं कबूल करायलाही मोठं मन लागतं, पण काकांना त्या क्षणी त्याची कदर करता आली नाही.

हार्डवेअरच्या दुकानदाराने करवतीकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "हिला दात लावून देणारा आता कोण राहिलाय? नवी घ्या." काका नवी घेणार नव्हते. बाईंना पाचव्या मिनिटाला कळलं असतं. नाही, दुसऱ्याच. शेवटी दुकानदारानेच सांगितलं की मागच्या गल्लीत खुर्च्या दुरुस्त करणारा एक म्हातारा सुतार आहे, तो करत असेल तर बघा.

म्हातारा सुतार दारातच खुर्चीच्या पायाला कानस मारत बसला होता. काकांनी करवत पुढे केली. त्याने चष्मा कपाळावर चढवला.

"ही तर बाईंची."

काकांनी करवत पटकन मागे घेतली. "तुम्ही ओळखता?"

"म्हणजे काय! दर बुधवारी येतात ना शिकायला. हात असा सरळ चालतो त्यांचा! आणि तुम्ही?"

"मी त्यांचा नवरा," काका म्हणाले. आजवर हे वाक्य त्यांनी पुष्कळदा म्हटलं होतं, पण इतक्या खालच्या आवाजात कधीच नाही.

सुताराने कानस खाली ठेवली. मग म्हणाला, "बाई म्हणतात, घरी काही नेऊन दाखवत नाही. घरच्या माणसाला लाकूड दिसत नाही, लाकडातली चूक तेवढी दिसते."

दोन वर्षांपूर्वी बाईंनी केलेलं पहिलं स्टूल काकांना आठवलं. बाईंनी ते दिवाणखान्याच्या मधोमध ठेवलं होतं आणि साडीचा पदर खोचून बाजूला उभ्या राहिल्या होत्या. काकांनी स्टुलाला चहूबाजूंनी प्रदक्षिणा घातली, बोटाने दाबलं आणि म्हणाले, "डुगडुगतंय. मागचा डावा पाय सूतभर तोकडा आहे." ते बरोबरच होतं. सूतभर तोकडा होताच. पण त्यानंतर दुसरं स्टूल घरात आलं नव्हतं, आणि हे आपल्या कधी लक्षातसुद्धा आलं नव्हतं, हे काकांच्या आता लक्षात आलं.

"नीट होईल का ही?" त्यांनी विचारलं.

"होईल. पण गेलेला दात काही परत उगवत नाही. सगळी ओळ घासून खाली घ्यायची आणि नव्याने दात पाडायचे. मला मोतीबिंदू आहे. तुम्ही घासा, मी सांगतो."

"मी?"

"मोडली कुणी?"

काका बसले. तो सबंध दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ ते त्या दारात बसून होते. एक दात, तीन वेळा कानस. पुढचा सोडायचा, त्याच्या पुढचा. मग करवत फिरवून राहिलेले. सुतार डोळे मिटून ऐकायचा आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा, "हा जास्त घासला." बोटांना फोड आले. चष्म्यावर लोखंडाचा चुरा बसला. आणि गंमत म्हणजे, काकांना हे काम आवडायला लागलं. मुद्रितं तपासण्यासारखंच होतं ते: एकेक अक्षर, एकेक दात. फरक इतकाच की इथे चूक दाखवून भागत नव्हतं, ती स्वतःच निस्तरावी लागत होती. दुपारी सुताराने करवत लाकडावर ठेवायला सांगितली. काकांनी हलकेच चालवली. ती कापायला लागली. काका एवढ्या मोठ्याने "कापतेय!" असं ओरडले की समोरच्या दुकानातून दोन माणसं बाहेर आली.

"जरा डावीकडे जाते," सुतार म्हणाला. "जाऊ दे. मोडलेल्या करवतीने तेवढं जावं."

आता हातात जेमतेम दोन दिवस होते. गोल दांडी कुठे मिळेना, म्हणून काकांनी दिवाणखान्याच्या पडद्याची लाकडी दांडी काढली. त्यामुळे पडदा गेला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला काका जेवताना दिसू लागले. दोघांनी तर ओळख नसताना हात हलवला. काकांनीही हलवला. त्यांना आता कशाचंच काही वाटत नव्हतं. खिळे शोधून, उपटून, जाड करवतीने त्यांनी फळी कापली. पूलवाले कोन तपासायचा गुण्या धरून उभे राहिले आणि "काटकोन, काटकोन" असं ओरडत राहिले. तरी एक बाजू दुसरीपेक्षा पाव इंच लांब झाली. ती कापायला गेले तर दुसरी लांब झाली. असं चार वेळा झाल्यावर, करवती ठेवायच्या जागेऐवजी साबण ठेवायची जागा होईल की काय अशी भीती वाटून काका थांबले.

मग खाचा. पूलवाल्यांच्या आग्रहाखातर नऊ खाचा पाडल्या, एकेका इंचावर. पाती त्यांत सुरेख बसली. पण करवतीला पात्याशिवाय मूठ नावाची वस्तू असते आणि ती इंचापेक्षा जाड असते, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. शेजारशेजारच्या मुठी एकमेकींना ढोसायला लागल्या. पूल बांधणारा आणि मुद्रितं तपासणारा, दोघे कपाळाला हात लावून बसले. शेवटी एक सोडून एक खाच घेतली: पहिली, तिसरी, पाचवी, सातवी, नववी. पाचही जणी ऐसपैस उभ्या राहिल्या.

"बघा! म्हणून नऊ म्हणालो होतो," पूलवाले म्हणाले. काकांनी त्यांना मिठीच मारली.

त्याच वेळी सेक्रेटरी परवानगीचा कागद घेऊन आले. सात अटी होत्या. त्यातल्या चार अशुद्ध होत्या. काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बघता का?" सेक्रेटरींनी बघितलं. पितळी पाठीची एकदा काढून बघितली, परत ठेवून बघितली, पुन्हा काढून बघितली. "चांगलं झालंय हो," ते म्हणाले आणि आपण हे बोललो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलेलं दिसलं.

पाचव्या दिवशी दुपारी टॅक्सी थांबली. बाई उतरल्या. बिनपडद्याच्या खिडकीकडे बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. फ्रिजच्या मागे बघितलं, पलंगाखाली बघितलं, आठी वाढली. त्या सरळ गॅरेजकडे गेल्या. काका मागोमाग. पूलवाले आणि सेक्रेटरी योगायोगाने तिथेच उभे होते.

बाई दारात थांबल्या. मग आत गेल्या. एकेक करवत उचलली, दातांवरून अंगठा फिरवला, जागेवर ठेवली. पितळी पाठीची उचलली. अंगठा मध्येच थांबला. मागे आला. पुन्हा पुढे गेला.

"हिचे दात कुणी घासले?"

"मी," काका म्हणाले.

बाईंनी कोपऱ्यातला लाकडाचा तुकडा शिकंज्यात अडकवला आणि चार ओढींत कापला. "डावीकडे जातेय."

"हो," काका म्हणाले आणि मग जे सुरू झाले ते थांबेनात. "एक दात मोडला. फळीत खिळा होता. पण मी हातमोजे घातले होते. म्हणजे हात नाही लावला. म्हणजे लावला, नंतर लावला, कानस मारताना मोजे अडतात. आणि डावी बाजू पाव इंच मोठी आहे. मागची फळी तिरकी आहे. मुठी बसत नव्हत्या म्हणून मधल्या खाचा रिकाम्या आहेत. दांडी पडद्याची आहे. आणि अर्जात मी करवंती लिहिलं." इथे सेक्रेटरींनी नजर दुसरीकडे वळवली. "आणि ते स्टूल... ते स्टूल चांगलं होतं. मी नुसता पायच बघितला."

बाईंनी गुण्या घेऊन काकांनी केलेल्या मांडणीच्या कोपऱ्याला लावला. फटीतून उजेड आरपार दिसत होता. सगळ्यांनाच दिसत होता. बाईंनी गुण्या खाली ठेवला, पदराने एका फळीवरचा भुसा पुसला आणि म्हणाल्या, "हे पाच दिवसांत केलंत?"

"साडेतीन. दीड दिवस दात घासण्यात गेला."

बाईंनी ओठ घट्ट मिटले. काकांना वाटलं, आता काहीतरी कडक येणार. पण बाईंचे खांदे हलायला लागले, मग हनुवटी हलली, आणि मग त्या इतक्या हसल्या की त्यांना बाकाचा आधार घ्यावा लागला. पूलवाले हसले, सेक्रेटरी हसले, आणि कशाला हसताहेत ते न कळताच काकाही हसले.

डोळे पुसून बाई काकांकडे वळल्या. "उद्या सकाळी सातला इथे या. मला एक लांब फळी चिरायची आहे. एकटीला पेलत नाही ती. जुना सदरा घाला. आणि उशीर नको."

दुसऱ्या दिवशी काका पावणेसातलाच हजर होते. बाईंनी फळीचं एक टोक शिकंज्यात अडकवलं, दुसरं टोक काकांच्या हातात दिलं, पेन्सिलीची रेघ एका डोळ्याने निरखली आणि मोठी करवत रेघेवर ठेवली.

"हलायचं नाही हं."

"नाही."

खर्र, करवत निघाली. फळी काकांच्या तळहातांत थरथरली, ती थरथर मनगटांतून खांद्यापर्यंत गेली आणि पिवळा भुसा उन्हात उडायला लागला. एवढ्यात काकांच्या नाकाच्या शेंड्यावर एक माशी येऊन बसली. तिने पुढचे पाय चोळले. इकडून तिकडे चालून पाहिलं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, शिंक नाकाच्या मुळापर्यंत आली, कान हलले.

पण फळी हलली नाही.